धुरांड्यातून गेलेलं कथील

"घरत, ही मोटर उलटी फिरतेय," रानडे मॅडम म्हणाल्या.

उलटी फिरत होती खरी. नव्या भट्टीला हवा देणाऱ्या पंख्याच्या तारा मीच जोडल्या होत्या आणि त्यातल्या दोन अदलाबदल झाल्या होत्या. मुद्दाम केलं नव्हतं. पण मन लावूनही केलं नव्हतं. सात वर्षं हेच काम केलेल्या वायरमनने करावी अशी ती चूक नव्हे, हे त्यांनाही कळलं असणार.  मी स्विच पाडला, तारा सोडवल्या, नीट जोडल्या. पंखा फिरू लागल्यावर त्यांनी त्याच्या तोंडापुढे हात धरून वारा पाहिला.

"तुम्हाला ही भट्टी नको आहे, हो ना?"

"मला कोण विचारतंय, मॅडम?"

"मी विचारतेय."

मी हत्यारांची पेटी उचलली आणि निघालो.

ही त्र्याण्णव सालची गोष्ट. पोयनाडच्या अलीकडे, अलिबागच्या रस्त्यापासून थोडा आत आमचा कारखाना होता. पस्तीस-चाळीस माणसं. आम्ही कथील काढायचो. बस्तरहून कथलाचं खनिज पोत्यांतून यायचं. दिसायला जिऱ्याच्या पुडीसारखं, पण वजनाला असं की अर्ध्या पोत्याला दोन माणसं लागत. त्यात कोळशाची भुकटी आणि चुना मिसळून भट्टीत तापवलं की कथील सुटं होऊन तळाला बसायचं. वर तरंगायची ती मळी. मळी बाजूला काढायची, भट्टीचं तोंड फोडायचं आणि कथील साच्यांत सोडून विटा पाडायच्या. एका वेळेला जेवढा माल भरतात त्याला आम्ही हीट म्हणायचो. एका हीटला चाळीस विटा.

भट्टी विजेची होती. मांडीएवढ्या जाड तीन कार्बनच्या कांड्या वरून मालात उतरायच्या आणि त्यांच्यातून वीज सोडली की आत जाळ पेटायचा. त्या कांड्या वर-खाली करणं, ट्रान्सफॉर्मर सांभाळणं, भट्टीचा करंट राखणं हे माझं काम. ती भट्टी गुरगुरायची. तिच्या गुरगुरण्यावरून आत काय चाललंय ते मला आणि पोशाकाकांना कळायचं. पोशाकाका म्हणजे आमचे मुख्य भट्टीवाले. गडब गावची वस्ती त्यांची, एकोणीस वर्षं भट्टीपुढे उभं राहून त्यांचा चेहरा विटेच्या रंगाचा झाला होता. मी पॅनेलवर आणि ते भट्टीच्या तोंडाशी. मध्ये काच होती, पण आमचं हातवाऱ्यांनी बरोबर चालायचं.

पण वीज टिकत नव्हती. आठवड्यातून दोन-तीनदा जायची आणि अर्धा वितळलेला माल भट्टीत दगडासारखा थिजायचा. मग दोन दिवस पहारी घेऊन तो फोडत बसायचं. आमच्याजवळून मोठ्या कारखान्यांकडे गॅसची लाइन गेली होती. मालकांनी, म्हणजे सबनीससाहेबांनी, खटपट करून तिची एक फांदी आमच्यापर्यंत आणली आणि जुन्या भट्टीच्या शेजारी गॅसवरची नवी भट्टी बांधून घेतली. ती बांधणाऱ्या पुण्याच्या कंपनीने रानडे मॅडमना पाठवलं होतं. सुमेधा रानडे. बत्तीस-तेहतीस वय, पंजाबी ड्रेस, पायात पुरुषी चामड्याचे बूट, डोक्यावर पिवळं हेल्मेट. स्वतःच्या जबाबदारीवरची त्यांची ही पहिलीच भट्टी होती, हे मला नंतर कळलं.

सबनीससाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून सगळं सरळ सांगितलं होतं.

"हरेश्वर, चार हीटचा माल आहे. चार हीट गॅसवर काढून बघू. जमलं तर जुनी भट्टी मोडायची. नाही जमलं तर पुन्हा विजेवर."

"जमलं तर माझं काय, साहेब?"

"पंखा आणि दिवे बघायला पेणहून वायरमन आठवड्यातून एकदा येईल." मग म्हणाले, "तुझं काय ते बघू."

'बघू' ऐकून माणूस काय ते समजतो. माझ्या लग्नाला तेव्हा दीड वर्ष झालं होतं.

सोमवारी पहिली हीट लागली. नवी भट्टी म्हणजे बुटक्या कमानीची एक लांब खोली. एका टोकाने ज्वाला आत शिरायची, मालावरून घासत जायची आणि दुसऱ्या टोकाने धुरांड्यात. आवाज गुरगुरण्याचा नव्हता. उन्हाळ्यात सुरूच्या बनातून वारा जातो तसा एकसुरी. भट्टीच्या भिंतीत एक झरोका होता. त्याला डोळा लावून, निळ्या काचेतून आत पाहायचं. पोशाकाका दिवसभर त्या झरोक्याशी वाकून उभे होते.

संध्याकाळी तोंड फोडलं. सव्वीस विटा झाल्या. सव्विसावी अर्धवट.

मॅडमनी मळीचा तुकडा फोडून हातात फिरवला. "पहिली हीट आहे," त्या म्हणाल्या. "भट्टीला अजून सवय व्हायचीय."

पोशाकाका माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "हिला आवाज नाय रं. मना कायपन समजत नाय."

मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू?

मंगळवारी सकाळी मी नेहमीप्रमाणे ट्रान्सफॉर्मरच्या आवाराचं कुलूप काढलं. त्या आवाराची किल्ली माझ्याकडेच असायची, दुसरं कुणी आत जात नसे. जुनी भट्टी बंद असल्याने लाइन पाडलेली, म्हणजे वीज तोडलेली होती. तरी हाताला सवय. तारा ज्यांच्यावर बसवतात त्या चिनीमातीच्या चकत्या फडक्याने पुसायला घेतल्या. नेहमी त्यांच्यावर राखाडी धूळ असते. त्या दिवशी फडकं तपकिरी झालं.

आधी वाटलं धुरांड्याची काजळी. पण काजळी बोटाला फासते, ही चरचरत होती. डब्याच्या झाकणात पाणी घेतलं, चिमूटभर त्यात टाकली आणि झाकण गोल फिरवलं. काजळी तरंगली असती. ही तळाला जाऊन बसली, झाकण तिरपं केलं तरी हलेना.

ते आमचं खनिज होतं.

मी वर पाहिलं. धुरांडं बरोबर आवाराच्या वाऱ्याकडच्या बाजूला होतं. मग सगळं एकदम लक्षात आलं. विजेच्या भट्टीत वारा नव्हता, त्यामुळे पुडीसारखा माल जिथे टाकावा तिथे पडायचा. इथे ज्वालेबरोबर वारा होता. माल वितळायच्या आधीच उडत होता. कथील भट्टीच्या तळाला जाण्याऐवजी आभाळात जात होतं. भट्टीत दोष नव्हता. माल भरायची आमची पद्धत तेवढी चुकत होती.

पलीकडे माणसं दुसऱ्या हीटचा माल फावड्याने आत टाकत होती. पोशाकाकांचा आवाज येत होता. चाळीस पावलांवर मॅडम वही घेऊन उभ्या होत्या.

मी फडकं घडी करून खिशात घातलं, आवाराला कुलूप लावलं आणि पंख्याच्या मोटरला तेल घालायला गेलो.

दुसऱ्या हीटला चोवीस विटा पडल्या.

त्या संध्याकाळी घरी प्रमिलाने कपडे भिजवताना खिशातून फडकं काढलं. ती पेणची, तिच्या वडिलांचा मूर्तींचा कारखाना. माती, रंग, भुकट्या यांत वाढलेली.

"हे काय आहे हो? बादलीच्या तळाला बसलंय, पाणी ओतलं तरी जात नाही."

"धूळ आहे."

"धूळ एवढी जड असते?"

मग मी तिला सांगितलं. सगळं सांगितलं, कारण मला वाटलं ती माझ्या बाजूने बोलेल. ती बादलीपाशी बसून ऐकत होती. माझं सांगून झाल्यावर तिने फडकं पिळलं आणि विचारलं, "मग बाईंना काय म्हणालात?"

"काही नाही."

"का?"

"त्यांची भट्टी चालली तर माझी नोकरी जाते, प्रमिला."

तिने फडकं दोरीवर टाकलं आणि आत गेली. जेवताना तिने मला दोनदा भात वाढला, पण बोलली नाही. ती भांडली असती तर मला सोपं गेलं असतं.

बुधवारी आवारातली धूळ आणखी जाड होती. मॅडमनी ज्वाला वाढवली होती, त्यांना वाटत होतं उष्णता कमी पडतेय. जितकी ज्वाला जास्त तितका वारा जास्त, आणि तितका माल वर. मला हे दिसत होतं आणि मी मोटरला तेल घालत होतो. दुपारी मॅडम बिस्किटाचा पुडा समोर ठेवून झाडाखाली आकडेमोड करत बसल्या होत्या. पुडा तसाच होता. मी जवळून गेलो तर म्हणाल्या, "घरत, माझं कुठेतरी चुकतंय. तिसऱ्यांदा सगळं पहिल्यापासून मांडतेय."

"होईल, मॅडम," मी म्हणालो.

तिसऱ्या हीटला एकवीस विटा.

सबनीससाहेब साच्यांपाशी आले. विटा मोजून पाहिल्या. ते कधी आवाज चढवत नसत, त्या दिवशीही चढवला नाही. म्हणाले, "पोशा, तुम्ही फार वर्षं विजेच्या भट्टीवर काढलीत. ही तुमच्या हातची नाही. शुक्रवारच्या हीटला मी माझ्या ओळखीचा एक माणूस ठाण्याहून आणतो. तुम्ही गोदाम बघा."

पोशाकाकांनी डोक्याचा रुमाल सोडून हातात घेतला. "बरं साहेब," म्हणाले.

गुरुवारी सकाळी गोदामात मला तारेचा गुंडा आणायचा होता. आत काका पोत्यांच्या थप्पीवर बसून फाटकी पोती शिवत होते. हातात दाभण, मांडीवर सुतळीचं रीळ.

"ये," म्हणाले. "बस."

मी बसलो नाही.

"काका, तुम्ही इथे काय करताय?"

"साहेबांनी सांगलंय ना." त्यांनी दाभण वर धरलं. "बरोबर हाय त्यांचं. माजे डोले गेले, हरेश. तीन दिवस त्या झरोक्यातून बगतोय. आग दिसते, माल दिसतो, सगला दिसतो. आनि कथील येत नाय. म्हनजे मना जे बगाला पायजे ते दिसत नाय. घरी बायकोला पन बोललो, आता माजे डोले गेले."

असं म्हणत त्यांनी सुतळी दाभणाच्या नेढ्यात एका झटक्यात ओवली. नीट पाहिलंसुद्धा नाही.

 माझ्या नोकरीचा हिशोब मी मांडला होता. मॅडमचंही जे व्हायचं ते होईल, त्या पुण्याला जातील, असं धरून चाललो होतो. काकांना मी मोजलंच नव्हतं. एकोणीस वर्षं भट्टी सांभाळलेला माणूस स्वतःच्या डोळ्यांना दोष देत पोत्यांवर बसला होता. आणि त्या डोळ्यांत काही दोष नाही हे जगात मला एकट्याला माहीत होतं. प्रमिला धरली तर दोघांना.

"काका, उठा," मी म्हणालो.

"का रं?"

"उठा हो. माझ्याबरोबर चला."

मी त्यांना हाताला धरून आवारात नेलं. वाटेत मॅडमना हाक मारली. त्या वहीसकट धावत आल्या. मी कुलूप काढलं, बोटाने चकतीवरची धूळ निपटली आणि मॅडमच्या तळहातावर ठेवली.

त्यांनी ती चोळली. उन्हात धरली. मग डोकं वर करून धुरांड्याकडे बघत राहिल्या.

"उडतंय," त्या म्हणाल्या. "अहो, माल उडतोय! आणि मी ज्वाला वाढवत होते!" त्या हसायलाच लागल्या, आणि हसताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "काका, कळलं का? तुमचं काही चुकलेलं नाही. माल तळाशी पोचतच नव्हता!"

काकांनी बोटावर थोडी धूळ घेतली आणि जिभेला लावली. थुंकले. "आपलाच हाय," म्हणाले.

"ओला करून टाकला तर?" मी म्हणालो. एकदा तोंड उघडल्यावर मला थांबवेना. "पीठ उडतं, मळलेली कणीक उडत नाही. चुना तर आपण घालतोच. कोरडा घालण्याऐवजी भिजवून घातला तर माल धरून ठेवील. गोळे वळायचे."

"ओले गोले आगीत टाकलास तर फुटतील," काका म्हणाले.

"वाळवून टाकू."

"उनात नाय वालायचे एका दिसात. भट्टीच्या कमानीवर ठेव. ती तीन दिवस तापलीय." काकांचा आवाज बदलला होता. त्यांनी रुमाल डोक्याला बांधला.

त्या दिवशी कारखान्यात दुसरं काम झालं नाही. चौथ्या हीटचा सगळा माल अंगणात ओतला आणि सगळी माणसं बसली गोळे वळायला. गोदामातल्या बाया, फिटर, ट्रकचा ड्रायव्हर, मॅडम, सगळे. पाणी किती घालायचं ते कुणालाच कळेना. गोळा एकदा पसरायचा, एकदा भेगाळायचा. शेवटी मी सायकलवर जाऊन प्रमिलाला घेऊन आलो. तिने पदर खोचला, मुठीत माल दाबून पाहिला आणि म्हणाली, "पाणी एकदम नका ओतू. शिंपडा, आणि तासभर झाकून ठेवा. मुरल्याशिवाय वळायचं नाही." तासाभराने गोळे गुळगुळीत वळू लागले. तोपर्यंत ती माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. गोळा माझ्या हातात देताना म्हणाली, "सांगितलंत ना?"

"सांगितलं."

"हं," म्हणाली आणि पुढचा गोळा वळायला घेतला.

सबनीससाहेब बाहेर येऊन हे सगळं बघत उभे राहिले. मग त्यांनी ठाण्याच्या माणसाला येऊ नको म्हणून फोन केला.

शुक्रवारी सकाळी गोळे भट्टीत गेले. काका झरोक्याशी. मी दर तासाला आवारात जाऊन पांढरं फडकं चकत्यांवरून फिरवत होतो आणि येऊन मॅडमना दाखवत होतो. पांढरं. पुन्हा पांढरं. दुपारी थोडी राखाडी, नेहमीची धूळ. चारच्या सुमाराला काकांनी हात वर केला. तोंड फोडलं.

आधी थोडं लालसर, मग पांढरं. कथील निघालं ते निघतच राहिलं. पाटातून जाताना त्याच्यावर साय धरत होती आणि मोडत होती. बायांनी विटा मोठ्याने मोजायला सुरुवात केली. तिसाव्या विटेला टाळ्या वाजल्या. छत्तीस, सदतीस, अडतीस. एकोणचाळीस पूर्ण झाल्या आणि चाळिसावी थोडी उणी पडली. सबनीससाहेबांनी सगळ्यांसाठी पोयनाडहून भजी आणि चहा मागवला.

चहा आला तेव्हा मॅडम उलट्या खोक्यावर बसून अहवाल लिहीत होत्या. काका शेजारी जमिनीवर, पाय लांब करून. मला त्यांनी बोलावलं.

"घरत, पूर्ण नाव सांगा. अहवालात घालायचंय. हा शोध तुमचा आहे, मी माझ्या नावावर घेणार नाही."

"हरेश्वर बाळाराम घरत."

त्यांनी लिहिलं. "ट्रान्सफॉर्मरच्या आवारात खनिजाची धूळ प्रथम आढळली. तारीख? काल म्हणजे गुरुवार, बरोबर?"

नुसतं 'हो' म्हणायचं होतं. त्या आधीच लिहायला वाकल्या होत्या. साहेब दहा पावलांवर भजी खात उभे होते, आणि थोड्या वेळापूर्वीच माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले होते, "तुझ्यासारखा माणूस भट्टीवरच पाहिजे." माझं सगळं जमलं होतं. 'हो' म्हणायचं आणि चहा प्यायचा.

"मंगळवार," मी म्हणालो.

त्यांनी मान वर केली. "मंगळवारी दुसरी हीट होती."

"तिच्या आधी. सकाळी."

 मॅडमनी पेन वहीवर आडवं ठेवलं. त्यांचा चेहरा उतरला. रागावल्या असत्या तर चाललं असतं.

"मी दोन दिवस जेवले नाही हो," त्या म्हणाल्या. "बुधवारी तुम्ही माझ्या शेजारून गेलात. मी तुम्हाला म्हणाले, माझं कुठेतरी चुकतंय."

"हो."

"आणि तुम्ही म्हणालात, होईल."

"हो, मॅडम."

मला वाटलं काका माझ्या कानाखाली वाजवतील. त्यांचा तो हक्कही होता. ते उठले, भट्टीच्या झरोक्यापाशी गेले, आत पाहिलं, परत आले आणि माझ्यापुढे उभे राहिले.

"दोन हीटा तू खाल्ल्यास."

"हो, काका."

"नि मना पोत्यांवर बसवलास."

मी मान खाली घातली.

"त्या हीटांचा सगला माल बाहेर नाय गेला. धुरांड्याच्या बुडाशी खोली हाय, तिच्यात पडला असंल ढिगानी. तो काढाचा. चालनीतून चालाचा. भिजवाचा. सगले गोले तू एकट्यानं वलाचे. कुनाचा हात लागाचा नाय. बायकोचा पन नाय."

"बरं."

"आनि वलून जाले का मना सांगाचा."

मॅडमनी पेन उचललं. अहवालात काय लिहिलं ते त्यांनी मला वाचून दाखवलं. 'मंगळवारी आढळली, गुरुवारी निदर्शनास आणून दिली.' त्यात कुठलंही विशेषण नव्हतं. "खरं आहे ते लिहिलंय," म्हणाल्या. मग पेनला टोपण लावत, "तारीख तुम्ही स्वतः सांगितलीत, हेही मला लिहायचं होतं. पण अहवालात त्याला रकाना नाही." त्यांनी भज्यांची बशी माझ्याकडे सरकवली.

साहेबांनी सोमवारी अहवाल वाचला आणि मला बोलावलं. मी धुरांड्याच्या बुडातून तसाच गेलो, डोक्यापासून पायापर्यंत तपकिरी. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"शिक्षा झाली वाटतं?"

"चालू आहे, साहेब."

"कोणी दिली?"

"पोशाकाकांनी."

"मग माझ्याकडून वेगळी नको," म्हणाले आणि दुसरा कागद पुढे ओढला.

मला नऊ दिवस लागले. धुरांड्याखालच्या खोलीत गुडघाभर माल होता. चुन्याने बोटांना चिरा पडल्या. प्रमिला रोज संध्याकाळी खोबरेल लावून द्यायची. दुसऱ्याच दिवशी ती पूर्वीसारखी बडबडायला लागली होती. माझ्या हातांकडे बघून हसायची आणि म्हणायची, "बाबांना सांगते, जावई कारखान्यात घ्या." विजेची भट्टी त्याच आठवड्यात मोडायला घेतली. तिच्या कांड्या उतरवायला मला बोलावलं तेव्हा मला वाईट वाटलं, पण वाटेल असं वाटलं होतं तेवढं नाही. मॅडम आधीच पुण्याला गेल्या होत्या. जाताना त्यांनी पंख्याच्या मोटरवर हात ठेवून विचारलं, "सुलटी आहे ना?" पुढे दिवाळीला त्यांचं कार्ड यायचं, बरीच वर्षं आलं.

त्या कारखान्यात मी पुढे चोवीस वर्षं काढली, सगळी भट्टीवर. मागच्या वर्षी निरोपाच्या दिवशी नवीन मालकांनी भाषणात सांगितलं, की गॅसची भट्टी इथे चालू शकली ती घरतांच्या नजरेमुळे. टाळ्या वाजल्या. मी उठून तारखेची गोष्ट सांगितली. तरुण पोरं हसली, त्यांना वाटलं मी नम्रपणे बोलतोय. म्हणून ही पुन्हा नीट सांगितली.

त्या शिक्षेच्या नवव्या दिवशी दुपारी, कमानीवरचा शेवटचा गोळाही वाळल्यावर, मी काकांकडे गेलो.

"वळून झाले."

"भर भट्टीत," म्हणाले.

मी भरले. जाळ लागला. चार-पाच तासांनी काकांनी मला झरोक्यापाशी बोलावलं आणि निळी काच हातात दिली.

"काय दिसतं?"

"आग."

"आग रस्त्यावरच्या मानसाला पन दिसते. आगीच्या मागं बग."

मी पुन्हा पाहिलं. आधी नुसता उजेड. मग हळूहळू त्या उजेडाच्या मागे गोळ्यांची रास दिसली, कडा विरघळलेली, मधोमध खचत चाललेली. राशीच्या बुडाशी, भिंतीलगत, एक बारीक चमकती रेघ होती आणि ती हलत होती.

"बुडाशी पाणी दिसतंय, काका. हलतंय."

"किती वेलानी फोडाचा?"

"मी कसं सांगू?"

"तूच सांग. चुकला तर चुकला."

मी आणखी एकदा पाहिलं. "पंधरा मिनिटं."

काकांनी काच घेतली, वाकून पाहिलं, बराच वेळ पाहिलं. "वीस," म्हणाले.

आम्ही दोघे भिंतीवरच्या घड्याळाखाली उभे राहिलो. पंधरा झाली, रास अजून उभी होती. वीस झाली, तेव्हाही तिचं एक टोक वर होतं. बाविसाव्या मिनिटाला ते खाली बसलं आणि सबंध तळ आरशासारखा एक झाला.

"दोघं पन चुकलो," काका म्हणाले, आणि मोठ्याने हसत त्यांनी पहार माझ्या हातात दिली.